दोन भाऊ, एक मीटर आणि ८३७८ रुपयांचं बिल: एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकमधलं दुमजली घर आहे, वडिलांनी बांधलेलं. खाली थोरले भाऊ आणि वहिनी राहतात, भाऊ एसटीतून रिटायर झालेले, मुलगी लग्न होऊन गेलेली, म्हणजे दोनच माणसं. वर धाकटा भाऊ, त्याची बायको आणि दोन शाळकरी मुलं, नवरा-बायको दोघंही नोकरीला. स्वयंपाकघरं वेगळी, गॅस वेगळा, वरच्यांचा जिनासुद्धा बाहेरून, पण विजेचं मीटर एकच आणि तेही वडिलांच्या नावावर, जे जाऊन बरीच वर्षं झाली. नाव बदलायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं कारण बिल येत होतं आणि भरलं जात होतं, मग कशाला कोण ऑफिसच्या चकरा मारतो. मी त्यांच्या ओळखीतला, बिलांचा हिशोब करायला मला बसवलं म्हणून सगळं जवळून बघायला मिळालं. ओळख पटेल असे तपशील बदललेत, दर मात्र खरे आहेत. ह्यापुढे थोरल्यांना खालचे म्हणतो आणि धाकट्याला वरचा.

बिल कायम अर्धं अर्धं. वडील होते तेव्हापासूनची पद्धत, आणि तेव्हा ती ठीकही होती कारण वर-खाली सारखीच चार ट्यूबलाइट आणि दोन पंखे. मग वर गिझर आला, वॉशिंग मशीन आलं, बेडरूममध्ये एसी लागला, पण वाटणी तीच राहिली.

अडचण

२०२४ च्या मे महिन्याचं बिल ५६० युनिटचं आलं, ८३७८ रुपये. (ह्या लेखात सगळीकडे इंधन समायोजन आकार बाजूला काढून आकडे दिलेत, तो महिन्यामहिन्याला बदलतो आणि त्याने हिशोब उगाच गढूळ होतो.) अर्धे म्हणजे ४१८९. खालच्यांच्या घरात एसी नाही, कूलरसुद्धा दुपारी दोन तास. त्यांनी पैसे दिले पण त्या दिवशी जेवताना विषय निघाला आणि वहिनींनी सरळ विचारलं, आम्ही दोघं माणसं चार हजारांची वीज कुठे खातो?

वरच्याला वाईट वाटलं, पण त्याचंही म्हणणं होतं की दादा, पाण्याची मोटर तुमच्या लाइनवर आहे, जिन्यातला लाइट आहे, आणि बिलात तो वहन आकार का काय सहाशे-साडेसहाशे लावतात, ते काय माझ्या एसीमुळे का. खालच्यांचं मत वेगळंच, तीनशे युनिटच्या वर गेलं की अख्खं बिल महागड्या रेटने लागतं, तुझ्यामुळे माझे युनिटसुद्धा महाग झाले. दोघांचंही अर्धं बरोबर आणि अर्धं चूक होतं, आणि खरी गंमत ही की दोघांनीही बिलाची मागची बाजू आयुष्यात कधी वाचली नव्हती. आपल्यापैकी किती जणांनी वाचलीये म्हणा.

आधी बिल वाचलं

पहिला निर्णय हा झाला की भांडायच्या आधी वरच्या मजल्याच्या लाइनवर एक साधं सबमीटर बसवायचं आणि महिना दोन महिने आकडे बघायचे. बाजारात काहीशे रुपयांत मिळतं, वायरमनने अर्ध्या तासात लावून दिलं. जुलैच्या बिलाला चित्र स्पष्ट झालं, एकूण ३८० युनिट, त्यातले वर २९० आणि खाली ९०. खालच्या ९० मध्ये मोटरचे साधारण १२.

त्या वेळचे महावितरणचे घरगुती दर असे होते. १०० युनिटपर्यंत वीज आकार ४.७१ रुपये, १०१ ते ३०० ला १०.२९, ३०१ ते ५०० ला १४.५५ आणि पाचशेच्या वर १६.६४. वहन आकार मात्र प्रत्येक युनिटला सरसकट १.१७, पहिल्या युनिटला तेवढाच आणि पाचशेव्यालाही तेवढाच. स्थिर आकार सिंगल फेजला १३० च्या आसपास, हिशोबाला १३० धरला. ह्या सगळ्यांच्या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क, ते राज्य सरकारचं.

आता वीज आकार आणि वहन आकार म्हणजे काय ते दोघांना सांगायला मी दुधाचं उदाहरण दिलं, दुधाचा भाव वेगळा आणि घरपोच आणून टाकायचे पैसे वेगळे. वीज आकार म्हणजे विजेचा भाव, ती तयार करायला नाहीतर विकत घ्यायला जे लागतं ते. वहन आकार म्हणजे आपल्या गल्लीपर्यंत आणून द्यायचे, खांब, तारा, डीपी, सबस्टेशन आणि ते सांभाळायचा खर्च. मोठ्या टॉवर लाइन ज्या महापारेषणच्या असतात त्यांचा खर्च बिलावर वेगळा दिसत नाही, तो वीज आकारातच मुरलेला असतो. पूर्वी सगळं एकाच वीज मंडळाकडे होतं, जून २००५ मध्ये त्याचे तुकडे होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण झाले, आणि २००३ च्या वीज कायद्यामुळे तारांचा खर्च आणि विजेचा खर्च वेगळा मोजायची पद्धत आली. राज्याचा वीज नियामक आयोग दर ठरवतो तेव्हा हे दोन्ही हिशोब वेगळे मांडतो आणि आपल्या बिलावर ते दोन वेगळ्या ओळी होऊन येतात.

वरच्याने मध्येच विचारलं की मग वीज दुसऱ्या कंपनीची घेता येईल का, त्याने कुठला तरी व्हिडिओ बघितला होता. मुंबई उपनगरात येते हो, तिथे २००८ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आणि त्यानंतर २००९ मध्ये आयोगाने घालून दिलेली व्यवस्था ह्यामुळे एका कंपनीच्या तारांवरून दुसरीची वीज घेणारे ग्राहक आहेत, ते विजेचे पैसे एकीकडे आणि तारांचे दुसरीकडे अशा हिशोबात बसतात. नाशिकच्या घरगुती ग्राहकाला सध्या तसा पर्याय नाही, त्यामुळे तो विषय तिथेच बंद केला.

जुलैच्या बिलाची फोड केली ती अशी:

स्थिर आकार १३०
वीज आकार: पहिले १०० चे ४७१, पुढचे २०० चे २०५८, वरचे ८० चे ११६४, मिळून ३६९३
वहन आकार: ३८० × १.१७ = ४४४.६०
बेरीज ४२६७.६०, त्यावर वीज शुल्क ६८२.८२
एकूण ४९५० रुपये

इथे खालच्यांचा एक गैरसमज गेला. तीनशे पार केल्यावर अख्खं बिल महाग होत नाही, फक्त तीनशेच्या वरचे युनिट महाग होतात, तीनशेच्या आतले आपापल्या टप्प्यातच राहतात. आणि वरच्याचाही गेला, कारण वहन आकार ४४४ रुपये म्हणजे बिलाच्या दहा टक्क्यांच्याही आत. लोकांचा राग नेहमी ह्या ओळीवर निघतो कारण ती अनोळखी आहे, पण ह्या घरात खरा खेळ वीज आकाराच्या टप्प्यांचा होता.

वाटणीचे पर्याय

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण एकत्र मीटर असलेल्या कुठल्याही घरात, भाडेकरू असो की भाऊ, हाच प्रश्न येतो.

अर्धं अर्धं केलं तर दोघांना २४७५. ते तर कुणालाच पटत नव्हतं.

युनिटप्रमाणे केलं तर ४९५० भागिले ३८०, म्हणजे युनिटला १३.०३ रुपये. खालचे ११७२, वरचा ३७७८. हे ऐकायला एकदम न्याय्य वाटतं आणि बहुतेक घरमालक भाडेकरूंकडून असंच घेतात. पण खालच्यांनी लगेच बोट ठेवलं, ते म्हणाले, माझे एकट्याचे ९० युनिट असते तर बिल किती आलं असतं ते काढ. काढलं. स्थिर आकार १३०, वीज आकार ४२३.९०, वहन १०५.३०, शुल्क धरून ७६५ रुपये. म्हणजे तेरा रुपये युनिट नाही, साडेआठ. ते म्हणाले, झालं तर मग, माझे ७६५, बाकीचे तुझे.

वरचा पण गणितात कच्चा नाही. तो म्हणाला, माझं एकट्याचं काढा. २९० युनिटचे, शुल्कासकट ३३५९. मग म्हणाला की दादा, तुम्ही नसता तर मी ३३५९ भरले असते, तुमच्यामुळे ४९५० झाले, म्हणजे तुमचे १५९२.

दोघांचं गणित शंभर टक्के बरोबर आहे! त्याच ९० युनिटची किंमत एका बाजूने ७६५ येते आणि दुसऱ्या बाजूने १५९२, कारण स्वस्तातले पहिले शंभर युनिट कुणाचे हा प्रश्न बिल सोडवतच नाही. बिलाला घरात किती चुली आहेत ते माहीत नसतं, त्याला एक मीटर दिसतं आणि एका मीटरला स्वस्तातले शंभर युनिट एकदाच मिळतात. दोघांची वेगळी बिलं असती तर बेरीज ४१२३ झाली असती, आली ४९५०, मधले ८२७ रुपये हे एकत्र असण्याचे, ते धड खालच्यांचे नाहीत धड वरच्याचे नाहीत.

तात्पुरता तोडगा मग असा काढला की दोघांनी आपापलं वेगळं धरलेलं बिल भरायचं आणि मधली रक्कम अर्धी अर्धी. म्हणजे खालचे ७६५ अधिक ४१४, ११७९ च्या आसपास. गंमत म्हणजे हे युनिटप्रमाणे निघालेल्या ११७२ च्या अगदी जवळ आलं. तो योगायोग आहे, दर महिन्याला तसं येईल असं नाही, पण त्यामुळे वहिनींना पटलं की साधी युनिटची वाटणीसुद्धा काही लूट नव्हती. ऑगस्टपासून असंच भरायला लागले आणि घरातली हवा बरीच निवळली.

दुसरं मीटर की सोलर

पण ते ८२७ रुपये वरच्याच्या डोक्यातून जाईनात. वाटणी कशीही करा, दर महिन्याला ते जाणारच. मग दोन रस्ते होते.

एक, दुसरं कनेक्शन. ह्यात कुठे वाचतं आणि कुठे जास्त जातं ते नीट बघितलं. स्थिर आकार कनेक्शनमागे असतो, तो दुप्पट होणार, म्हणजे १३० जास्त. वहन आकार युनिटमागे असतो, युनिट तेवढेच, त्यामुळे १०५.३० अधिक ३३९.३० म्हणजे परत तेच ४४४.६०, एक पैसा फरक नाही. (वरच्याला शेजारच्याने छातीठोक सांगितलं होतं की दोन मीटर घेतले की वहन आकार डबल लागतो. नाही लागत.) वीज आकार मात्र ३६९३ वरून २८५० वर येतो. ८४३ वाचले, १३० गेले, उरलेल्यावर १६ टक्के शुल्कही वाचलं, झाले ८२७.

हे सगळ्याच घरांना फायद्याचं नाही बरं का. दोन्ही मजल्यांचा वापर मिळून शंभरच्या आत असेल तर दुसऱ्या मीटरचा निव्वळ तोटा, महिन्याला शुल्कासकट दीडशे रुपये उगाच. दोघंही वेगळे शंभरच्या आत राहणारे असतील तर ह्या दरांत एकूण वापर सव्वाशेच्या आसपास गेल्यावर कुठे बरोबरी होते.

दुसरा रस्ता सोलर. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार आणि ३ किलोवॅट किंवा त्यावर ७८ हजार अनुदान मिळतं. ३ किलोवॅटमधून महिन्याला सरासरी साडेतीनशेच्या घरात युनिट निघतात, म्हणजे एकत्र मीटर ठेवलं असतं तर बिल जवळजवळ स्थिर आकारावर आलं असतं आणि दुसऱ्या मीटरची गरजच उरली नसती. कागदावर हाच पर्याय सगळ्यात भारी. पण अनुदान धरूनही खिशातून एक लाखाच्या वर जाणार, आणि खालच्यांचा सवाल होता की माझं बिल खरं बघितलं तर साडेसातशेचं, मी ह्या वयात पंचवीस वर्षांच्या पॅनेलमध्ये पैसे कशाला घालू. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. आणि वरच्याने एकट्याने घातले तर एकत्र मीटरवर त्याच्या पॅनेलची वीज दोघांत मुरणार, म्हणजे वाटणीचं भांडण परत पहिल्या पानावर.

त्यामुळे आधी मीटर वेगळं, मग वरच्याला हवं तर तो स्वतःच्या कनेक्शनवर २ किलोवॅटचं सोलर टाकेल, असं ठरलं. माझ्या मते हा क्रम बरोबर होता, पण तो पैशाच्या हिशोबाने ठरला नाही, कुणाचे पैसे कुठे जातात ते स्पष्ट दिसावं म्हणून ठरला.

एक अडचण कुणाच्याच यादीत नव्हती. वहिनींना मीटर वेगळं करणंच नको होतं. त्यांच्या मनात मीटर वेगळं म्हणजे घराची वाटणी, उद्या लोक म्हणतील भाऊ वेगळे निघाले. दोन आठवडे विषय तिथेच अडकला. शेवटी खालच्यांनीच समजूत काढली, अगं दहा वर्षं झाली दोन सिलेंडर येतायत, तेव्हा कुणी काही म्हणालं का.

काय काय केलं

आधी नावाचा घोळ. नवीन कनेक्शनसाठी अर्ज टाकला तर ऑफिसमधून सांगितलं की जुनं कनेक्शन वारलेल्या माणसाच्या नावावर आहे, आधी ते बदलून घ्या. वडिलांचा मृत्यू दाखला, बाकी वारसांची संमती (एक बहीण पुण्याला, तिची सही आणायला एक महिना), घरपट्टीची पावती, आधार. ह्यातच गणपती गेले.

मग नवीन कनेक्शनचा ऑनलाइन अर्ज, सहमालक भावाचं ना-हरकत पत्र, आणि लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट. जागा बघायला माणूस आला तेव्हा त्याने पहिला प्रश्न हाच विचारला, किचन वेगळं आहे का. एकाच कुटुंबाने स्वस्त टप्पा दोनदा मिळवायला मीटर तोडलेले त्यांना चालत नाहीत, आणि ते योग्यच आहे, स्वस्तातले पहिले शंभर युनिट जास्त वापरणाऱ्यांच्या पैशातून परवडवलेले असतात. इथे खरोखर दोन चुली होत्या, जिना वेगळा होता, त्यामुळे प्रश्न आला नाही. एका हितचिंतकाने सल्ला दिला होता की मोठ्या मुलाच्या खोलीला तिसरं पण घेऊन टाका, तो सल्ला त्यांनी कानाआड केला हे बरं झालं.

खरं काम वायरिंगने काढलं. जुनं घर, वायरमनने वरचा मेन स्विच बंद केला तरी वरच्या हॉलमधला एक प्लग चालूच. टेस्टर लावत लावत मागे गेला तर तो प्लग खालच्या स्वयंपाकघराच्या फेजवरून वर नेलेला, बहुतेक बांधताना कुणीतरी जवळची वायर ओढलेली. न्यूट्रल तर दोन्ही मजल्यांचा एकच, जंक्शन बॉक्समध्ये सात-आठ काळ्या वायरी एकत्र पिळून त्यावर टेप. न्यूट्रल असा एकत्र राहिला असता तर वर वेगळं ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवल्यावर ते सारखं ट्रिप झालं असतं आणि सगळ्यांनी नव्या मीटरला शिव्या दिल्या असत्या. जिन्यातून नवीन केसिंग पट्टी टाकून वरची लाइन पूर्ण वेगळी केली. सबमीटरवर आलेले २९० सुद्धा त्या एका प्लगमुळे थोडे कमी दिसत होते हे तेव्हा कळलं, पण त्यावर फक्त मोबाइल चार्ज होत होते, त्यामुळे हिशोब काही हलला नाही.

कोटेशन, डिपॉझिट आणि वायरिंग मिळून साडेनऊ हजारांच्या आसपास गेले, ते वरच्याने भरले कारण जास्त फायदा त्याचा.

मोटरचा निर्णय वरवर बारीक होता पण मला तोच सगळ्यात आवडला. पाण्याची मोटर कुणाच्या मीटरवर ठेवायची? वरच्याला वाटत होतं की दादांवर ओझं नको, माझ्या मीटरवर घेतो. पण हिशोब केला तर तिचे १२ युनिट खालच्यांच्या मीटरवर शंभरच्या आत बसतात, शुल्कासकट ८२ रुपये. तेच वरच्याच्या मीटरवर नेले तर २९० चे ३०२ होतात, दहा युनिट मधल्या टप्प्यात आणि दोन तीनशेच्या वर, त्याचे होतात १६९. तीच मोटर, तेच पाणी, वहन आकार दोन्हीकडे तोच, फरक फक्त ती कुठल्या टप्प्यात जाऊन बसते ह्याचा. म्हणून मोटर खालीच ठेवली आणि वरच्याने महिन्याला चाळीस रुपये द्यायचे ठरले.

निकाल

नवीन मीटर दिवाळीच्या आधी लागलं. डिसेंबरमध्ये खाली ८४ आणि वर २६२ युनिट, बिलं ७२४ आणि २९८६. एकत्र असते तर ४३३० आले असते, म्हणजे हिवाळ्यात सहाशेच्या वर वाचले. खरा फरक मे २०२५ ला दिसला. खाली १२८, वर ४३६, बिलं १२०५ आणि ५९७२. हेच एका मीटरवर ८४६१ झालं असतं, जवळजवळ १२८४ रुपयांचा फरक, कारण आता पाचशेच्या वरच्या टप्प्यात कुणीच जात नाही. खालच्यांना आदल्या वर्षी मे महिन्यात ४१८९ द्यावे लागले होते, आता १२०५.

वरच्याच्या बाजूने बघितलं तर चित्र इतकं गोड नाही. आदल्या मे मध्ये त्याने ४१८९ भरले होते आणि आता ५९७२ भरतोय, म्हणजे घराचं एकूण बिल कमी झालं तरी त्याचं स्वतःचं वाढलं, कारण आधी त्याच्या एसीचे निम्मे पैसे दादा भरत होते. हे त्याला आधी आकड्यात दाखवलेलं होतं म्हणून तो कुरकुरला नाही. उलट एसी २६ वर ठेवायला लागला, जे आधी कुणी सांगून झालं नव्हतं.

जुलै २०२५ पासून दर बदललेत, त्यामुळे वरचे आकडे आजच्या बिलाला तसेच्या तसे लावू नका, आपल्या बिलावरचे दर घ्या. हिशोबाची पद्धत तीच राहते, कुठली ओळ कनेक्शनमागे, कुठली युनिटमागे आणि कुठली टप्प्याने.

वेगळं काय करता आलं असतं

नाव बदलणं वडील गेल्यावर लगेच करायला हवं होतं. सगळा उशीर त्यातच झाला आणि बहिणीची सही मागताना तिलाही उगाच शंका आली की हे घराचं काही चाललंय का. भांडण नसताना हे काम एका फोनवर झालं असतं.

सबमीटर खूप आधी लागलं असतं तर बरीच वर्षं खालच्यांनी जास्त भरलेले पैसे वाचले असते, आणि तो हिशोब मी मुद्दाम काढला नाही, त्यांनीही मागितला नाही.

सोलरबद्दल मी अजून द्विधा आहे. मीटर वेगळं करायच्या आधी दोघांनी मिळून ३ किलोवॅट टाकलं असतं, वरच्याने तीन भाग आणि खालच्यांनी एक भाग असे काही पैसे घातले असते, तर वायरिंग तोडायचीही गरज नव्हती आणि अनुदानही जास्त मिळालं असतं. पण त्यासाठी गच्चीवर कुणाचा किती हक्क, उद्या कुणी वर मजला चढवला तर पॅनेल कुठे जाणार, हे कागदावर आणावं लागलं असतं, आणि जिथे मीटरच्या नुसत्या बातमीने वहिनींची झोप उडाली तिथे गच्चीचा कागद कुणी काढायचा. आता वरचा एकट्याने २ किलोवॅटचं कोटेशन मागवतोय, गच्चीचा पूर्वेकडचा कोपरा त्याला द्यायला दादांनी तोंडी हो म्हटलंय, आणि मी त्याला एवढंच सांगितलंय की ते तोंडी ठेवू नकोस.